अंगणातलं कासगवत

पाऊस ओसरला की कयाधूच्या काठाला कास फुलतं. वाऱ्यावर डोलणारे ते पांढरेशुभ्र तुरे पाहून वाटसरू घटकाभर थांबतो. शेतकऱ्याच्या मात्र पोटात गोळा येतो. कासाचं बी वाऱ्यावर उडतं आणि मुळं जमिनीखालून धावतात. नांगरानं तुटलेला मुळाचा तुकडासुद्धा पुन्हा फुटतो.

आमचं रान नदीकाठीच होतं. अब्बांची निम्मी हयात कुदळीनं कास खणण्यात गेली. अखेर कासानं खाल्लेला तुकडा त्यांनी विकला आणि त्या पैशातून माझं बी.एड. झालं. आज मी उर्दू शाळेत उभी आहे ती त्या तुकड्याच्या जोरावर. अम्मी गेल्यावर अब्बा आमच्याकडे हिंगोलीला राहायला आले.

हल्ली लग्नाच्या मंडपात पम्पास गवताचे सुकवलेले तुरे मांडायची टूम निघाली आहे. आपल्याही अंगणात त्याचं एक बेट असावं, असं मला वाटू लागलं. म्हणून त्याची माहिती काढली. हे गवत मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. तिथल्या मोकळ्या मैदानांना पाम्पा म्हणतात. पानांच्या कडा करवतीसारख्या. त्याचं शास्त्रीय नाव ‘कोर्टाडेरिया’, तेही ‘कापणे’ या अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरून आलेलं. बागेच्या शोभेसाठी नेलेलं हे गवत कॅलिफोर्निया, न्यूझीलंड आणि उत्तर स्पेनमध्ये रानोमाळ पसरलं. न्यूझीलंडमध्ये तर ते विकायलाच बंदी आहे. गाजरगवतानं पोळलेल्या आपल्या मुलखात आणखी एक पाहुणी कशाला आणायची? तुरेच हवे होते ना, ते नदीकाठी फुकट उभे होते. मी कासाचा एक ठोंब घेऊन आले.

अब्बांनी तो पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. “ये बला कायकू उठा लायी, बेटी? इसकू उखाड़ते-उखाड़ते मेरी जिंदगी गई.”

दोन दिवस ते त्या बाजूला फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “लगानाच है तो ढंग से लगा.” त्यांनी बूड काढलेला पत्र्याचा पिंप मागवला, तीन फूट खोल पुरायला लावला, काठ चार बोटं वर ठेवला आणि आत ठोंब बसवला. ऊन भरपूर, पाणी बेताचं. फाल्गुनात विळ्यानं वीतभर ठेवून सगळं कापायचं, म्हणजे पावसाळ्यात नवा फुटवा जोमानं येतो. कापताना बाह्या पूर्ण हव्यात, नाहीतर पानं हात चिरतात. तुरा फुलदाणीत ठेवायचा तर पूर्ण पिसारण्याआधी कापून सावलीत उलटा टांगायचा. ज्याचा नायनाट करण्यात आयुष्य गेलं, त्याची एकेक खोड अब्बांना पाठ होती.

एका संध्याकाळी मी त्यांना उसाची गोष्ट सांगितली. कास हा उसाचा रानटी भाऊबंद. जाड, गोड ऊस उत्तरेकडच्या हवेत तग धरत नव्हता. तेव्हा कोइमतूरच्या ऊस संशोधन केंद्रात बार्बर आणि वेंकटरामन यांनी उसाचा कासाशी संकर केला. त्यातून निघालेली ‘को २०५’ ही जात १९१८ साली शेतकऱ्यांच्या हाती आली. आज लावल्या जाणाऱ्या बहुतेक उसात थोडं तरी कासाचं रक्त आहे. आपल्या वसमतकडच्या फडांतही असणार.

अब्बा बराच वेळ बेटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “फिर मैं क्या उमरभर शक्कर खोद-खोद के फेंका?”

मला हसू आलं नाही. उसाला तगवणारं कास आणि आमचं रान गिळणारं कास एकच होतं. कोइमतूरच्या त्या शोधानं अब्बांच्या हातावरचे घट्टे काही मऊ होणार नव्हते. मी चहा ठेवायला आत गेले.

पहिले तुरे आले तेव्हा मला ते आणखी आठवडाभर बेटावरच हवे होते. अब्बांनी ऐकलं नाही. पलीकडे शेजाऱ्यांची हळद होती. “एक बी भी उधर गया तो पड़ोसी का हक मारा,” म्हणत त्यांनी विळा मागितला. बी सुटण्याआधी एकूण एक तुरा खाली आला. दोन शेजारच्या काकूंकडे गेले, बाकीचे माझ्या वर्गात. दर शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाला निघण्याआधी अब्बा पिंपाभोवती एक फेरी मारतात आणि काठाबाहेर कोंब दिसला की वाकून उपटून टाकतात.