उद्गार उरतो, माणूस विसरतो

‘द सर्चर्स’ (१९५६) या चित्रपटात जॉन वेनने साकारलेला ईथन एडवर्ड्स हा अमेरिकी यादवीत हरलेल्या दक्षिणेचा सैनिक. कोमांची लोकांविषयीचा द्वेष त्याच्या रोमरोमांत भिनलेला. ‘दॅट'ल बी द डे’, म्हणजे असे कधीच घडायचे नाही, हा उद्गार तो पुनःपुन्हा तुच्छतेने काढतो. टेक्सासच्या बडी हॉली व जेरी ॲलिसन यांनी तोच उद्गार उचलून प्रेमगीत रचले. १९५७ मध्ये ते गाजले. १९५८ मध्ये लिव्हरपूलच्या लेनन, मॅकार्टनी आणि हॅरिसन यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूस हेच गीत होते.

गाणे मलाही प्रिय आहे. तरी इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मी अस्वस्थ होते. लोकस्मृती शब्द जपते. ते कोणाच्या तोंडचे, हे विसरते. तेवढे आठवून देणे हेच आपले काम.