परतीचा शेरा

"मॅम, फाइल बरोबर आहे. मी दहादा बघितली."

ही २०२२ सालची गोष्ट. हिंजवडीच्या आमच्या ऑफिसात ती मुलगी लागून जेमतेम आठवडा झाला होता. आमच्याकडे सगळे एकमेकांना नावानंच हाक मारतात, पण नांदेडहून आलेल्या तिच्या तोंडचं 'मॅम' काही सुटत नव्हतं. दुपारचे चार वाजले होते आणि तिच्या टर्मिनलवर सकाळपासून एकच ओळ येत होती : 'एरर : इन्व्हॅलिड कॉन्फिग'.

आमची टीम कंपनीतल्या बाकीच्या डेव्हलपरांसाठी टूल बनवते. त्यातलं एक टूल प्रत्येक प्रोजेक्टची यॅमल नावाच्या पद्धतीत लिहिलेली सेटअप फाइल वाचतं आणि तीत लिहिलंय तसा सर्व्हर उभा करून देतं. तिला दिलेलं काम पाच मिनिटांचं होतं. पायथन या प्रोग्रामिंग भाषेची आवृत्ती ३.९ होती, ती ३.१० करायची. तिने नऊच्या जागी दहा लिहिलं आणि टूल अडून बसलं.

मी खुर्ची ओढून शेजारी बसले. मलाही काही दिसेना. यॅमलला टॅब चालत नाही म्हणून आधी तो शोधला, मग ओळींच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा मोजल्या. सगळं जागच्या जागी होतं. शेवटी टूलचाच कोड उघडला आणि तो मेसेज देणाऱ्या ओळीच्या आधी, वाचलेली किंमत छापून बघितली. पडद्यावर आलं : ३.१.

मग उलगडा झाला. यॅमलमध्ये अवतरणचिन्हं न देता ३.१० लिहिलं, की तो मजकूर राहत नाही, दशांश अपूर्णांक होतो. आणि गणितात ३.१० काय नि ३.१ काय, एकच. शेवटचं शून्य वाचतानाच गळून पडलं होतं. पायथन ३.१ ही आवृत्ती २००९ सालची. आमच्या यादीत ती असण्याचं कारणच नव्हतं. ३.८ आणि ३.९ लिहिणाऱ्या कुणालाही हा त्रास झाला नाही, कारण त्यांच्या शेवटी शून्य नव्हतं. दोन अवतरणचिन्हं घातली आणि टूल मुकाट चालू लागलं.

ती हसली आणि म्हणाली, "मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. विचारायला लाज वाटत होती."

तिचा सबंध दिवस गेला होता. हा मेसेज लिहिला तरी कुणी, म्हणून मी कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटला विचारलं. त्यात कोडची कुठली ओळ कुणी लिहिली ते दाखवणारी एक कमांड आहे, तिचं नावच 'ब्लेम'. त्या ओळीपुढे माझं नाव होतं. तारीख २०१९ची, वार शुक्रवार, वेळ संध्याकाळी सव्वासातची.

मला तो शुक्रवार आठवत नाही, पण तसे शुक्रवार आठवतात. मुख्य काम झालेलं असतं. 'किंमत यादीत नसेल तर काय?' हा कोपरा तेवढा उरलेला असतो. तिथे काहीतरी लिहायचं म्हणून लिहायचं आणि घरी जायचं. त्या ओळीवर आलेल्या प्रोग्रामच्या हातात सगळं होतं : फाइलचं नाव, कुठल्या शब्दापुढची किंमत, प्रत्यक्ष काय वाचलं आणि काय चाललं असतं. चारही गोष्टी मी टाकून दिल्या आणि 'बरोबर नाही' एवढंच सांगितलं. टूलला कारण ठाऊक होतं. ते त्यानं सांगू नये, अशी व्यवस्था मी केली होती.

त्या रात्री मला बाबांची आठवण आली. बाबा सातारा जिल्ह्यात पोस्टमन होते. रजिस्टर पत्र वाटता आलं नाही तर त्यावर शेरा मारून परत पाठवावं लागे. 'घर बंद', 'गाव सोडून गेले', 'पत्ता अपुरा', 'घेण्यास नकार'. बाबा शेऱ्याच्या बाबतीत फार काटेकोर होते. घर बंद असेल तर पाठवणारा पुन्हा पाठवील, पत्ता अपुरा असेल तर विचारून नीट लिहील, नकार असेल तर वकिलाकडे जाईल. त्यांच्या एका सहकाऱ्याचा शेरा मात्र ठरलेला असे : 'सापडत नाही'. बाबा म्हणायचे, "काय सापडत नाही? घर, माणूस, की शोधायची इच्छा?" माझं 'इन्व्हॅलिड कॉन्फिग' म्हणजे त्या सहकाऱ्याचाच शेरा होता.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, "हा मेसेज आता तूच लिही. तुला काय कळलं असतं तर काल अकरा वाजता घरी फोन करून निवांत गप्पा मारत बसली असतीस?"

तिचा पहिला प्रयत्न म्हणजे एक मोठा परिच्छेद होता. त्यात यॅमलचे नियम होते, कागदपत्रांची लिंक होती, खाली कोडच्या आतल्या कॉलांची पूर्ण उतरंड. मी तो शेजारच्या मुलाला दाखवला. त्याची नजर पहिल्या ओळीवर पडली आणि थेट तळाशी गेली. अडलेला माणूस वाचत नाही, शोधतो. म्हणून जे शोधायचं ते आधी यायला हवं. तिसऱ्या प्रयत्नाला मेसेज जमला. मराठीत सांगायचा तर असा :

'सेटअप फाइल, ओळ ७ : पायथनची आवृत्ती ३.१ अशी वाचली गेली. चालणाऱ्या आवृत्त्या : ३.८, ३.९, ३.१०. ३.१० हवी असेल तर ती अवतरणचिन्हांत लिहा. नाहीतर शेवटचं शून्य गळतं.'

यातला 'ओळ ७' हा तुकडा सर्वांत महाग पडला. यॅमल वाचणारी लायब्ररी फाइल वाचून झाल्यावर नुसत्या किमती हातात ठेवते. त्या कुठल्या ओळीवरून आल्या ते सोडून देते. तो आकडा शेवटपर्यंत सांभाळून न्यायला दोन दिवस कोड उलटापालटा करावा लागला. चांगला मेसेज शेवटी बसून सुचत नाही, हे मला तेव्हा कळलं. त्याला लागणारी माहिती पहिल्या पायरीपासून जपत आणावी लागते.

मग मला या विषयाचा नादच लागला. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुरुवातीच्या काळातला 'एड' नावाचा एडिटर काहीही चुकलं तरी नुसतं प्रश्नचिन्ह छापतो. त्याला निदान सबब होती. त्या काळचा टेलिटाइप सेकंदाला दहा अक्षरं छापायचा; लांब बोलणं परवडत नसे. आपल्याला ती सबब नाही. बेन श्नायडरमन या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञानं १९८२ सालीच लिहून ठेवलंय, की 'इल्लीगल', 'फेटल', 'इन्व्हॅलिड' असले दरडावणारे शब्द टाळा आणि नेमकं सांगा. पुढे २०१५ साली इव्हान चॅप्लिकी यांनी त्यांच्या एल्म भाषेच्या कंपायलरला माणसासारखं बोलायला शिकवलं : चुकलेली ओळ जशीच्या तशी दाखवायची आणि मग शांतपणे काय अडलं ते सांगायचं. २०१६ साली रस्ट भाषेनं आपले मेसेज नव्यानं रचले, तेव्हा एल्मपासून घेतलेली प्रेरणा उघड मान्य केली.

आणि गंमत बघा. ज्या पायथन ३.१०पाशी आमची मुलगी अडली, त्या आवृत्तीतली एक मोठी सुधारणा एरर मेसेजांचीच होती. पूर्वी कंस बंद करायचा राहिला की पायथन भलत्याच, पुढच्या ओळीवर बोट ठेवून 'इन्व्हॅलिड सिंटॅक्स' म्हणायचा. ३.१० हा उघडलेल्या कंसाकडे बोट दाखवून सांगतो, 'हा कंस बंदच झाला नाही'. चांगले मेसेज देणाऱ्या पायथनची वाट माझ्या वाईट मेसेजनं अडवून धरली होती.

उत्साहाच्या भरात एक चूकही केली. चुकीचं नाव टाइप केलं तर त्याच्या जवळचं नाव सुचवायचं, ही सोय आम्ही घातली. एका मुलाने 'टेस्ट-३' असं लिहिलं. ते सर्व्हरचं नाव खरंच होतं, पण आमच्या यादीत अजून नोंदवलेलं नव्हतं. टूल म्हणालं, 'तुम्हाला टेस्ट-२ म्हणायचं आहे.' टूल एवढ्या खात्रीनं सांगतंय म्हणून त्याने तसं केलं आणि दुसऱ्या टीमचं आठवड्याचं काम पुसलं गेलं. त्या टीमची बोलणी मी खाल्ली आणि ती रास्तच होती. तेव्हापासून आमचं टूल आधी 'टेस्ट-३ नोंदवलेलं नाही' हे सत्य सांगतं. अंदाज असेलच तर तो खालच्या ओळीत, प्रश्नचिन्ह लावून. वाट माहीत नसताना ठामपणे वाट दाखवणाऱ्यापेक्षा 'मला माहीत नाही' म्हणणारा बरा.

सगळंच आपल्या हातात नसतं, हेही खरं. विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर चालवली की कधी कधी उत्तर येतं, 'अशी फाइल नाही'. फाइल तर डोळ्यांसमोर असते. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा, न दिसणारं अक्षर ठेवतं. पहिल्या ओळीत स्क्रिप्ट कुठल्या प्रोग्रामनं चालवायची त्याचं नाव असतं, त्याला ते अक्षर चिकटतं आणि त्या विचित्र नावाचा प्रोग्राम लिनक्सला सापडत नाही. म्हणजे 'नाही' ते खरंच, पण कोण नाही ते सांगितलेलं नसतं. लिनक्सचा कर्नल मी बदलू शकत नाही. पण आमचं टूल आता स्क्रिप्ट चालवण्याआधी ते अक्षर शोधतं आणि सापडलं तर तसं सांगतं.

आमच्या टीममध्ये आता एक नियम आहे. नवा एरर मेसेज लिहिला की कोड न दाखवता तो अशा कुणाला तरी वाचायला द्यायचा, ज्याने तो कोड पाहिलेला नाही, आणि विचारायचं, 'आता तू काय करशील?' त्याला उत्तर देता आलं नाही तर मेसेज परत. नवीन लागलेली मुलं या कामाला सर्वांत चांगली. त्यांना अजून आमच्या चुका पाठ झालेल्या नसतात.

ती मुलगी गेल्या वर्षी दुसऱ्या टीममध्ये गेली. जाताना तिने मला 'मॅम' म्हणणं सोडलं होतं. परवा काहीतरी शोधताना मी ती फाइल पुन्हा उघडली आणि सहज ब्लेम चालवलं. त्या ओळीपुढे आता तिचं नाव येतं.