कोयता आणि बादली

परदेशी जाऊन आलेला मनुष्य समुद्राविषयी, शिस्तीविषयी आणि तिथल्या स्वच्छ रस्त्यांविषयी भरभरून लिहितो. हिशेबाविषयी मात्र लिहीत नाही. आमचा सारा प्रवास हिशेबाचाच होता, म्हणून आम्हांस तेथूनच आरंभ करणे भाग आहे.

ऑस्ट्रेलियाने 1975 पासून काही देशांतल्या तरुणांना वर्षभर भटकण्याची आणि भटकता भटकता मोलमजुरी करण्याची मुभा देणारा परवाना सुरू केला. भारताशी झालेला व्यापार करार डिसेंबर 2022 मध्ये अंमलात आला आणि 2024 मध्ये ते दार आपल्याकडच्या मुलांनाही उघडले. वर्षाला जागा 1000, वय 18 ते 30, बारावीनंतरचे किमान दोन वर्षांचे शिक्षण, खात्यात सुमारे 5000 डॉलर आणि निवड सोडतीने. पंचवीस डॉलर भरून आम्ही नाव घातले ते गंमत म्हणून. नाव निघाले तेव्हा गंमत संपली. आईच्या पाटल्या पतसंस्थेत तारण गेल्या, अण्णांनी उरलेली भर घातली, आणि मार्च 2025 मध्ये पाठीवर चौदा किलोंची पिशवी घेऊन आम्ही ब्रिस्बेनला उतरलो.

पहिले दोन महिने एका उपाहारगृहात भांडी घासण्यात गेले. त्यात खोलीभाडे कसेबसे निघे. जूनच्या सुरुवातीस आम्ही बंडाबर्गला गेलो. ब्रिस्बेनच्या उत्तरेस साडेतीनशेहून अधिक किलोमीटरवर हे गाव आहे. दुसऱ्या वर्षाचा परवाना हवा असेल तर ठरावीक ग्रामीण भागात 88 दिवस शेतीसारखे काम केल्याचा पुरावा द्यावा लागतो. बंडाबर्ग त्यासाठी प्रसिद्ध. बस गावात शिरू लागली आणि दोन्ही बाजूंना ऊस दिसला. आम्ही वाळवा तालुक्यातले. साडेनऊ हजारांहून अधिक किलोमीटर ओलांडून मनुष्य पुन्हा उसातच येतो, याचे हसू आले आणि थोडे बरेही वाटले.

गावातल्या ज्या वसतिगृहात आम्ही राहिलो त्याचे नाव सांगण्यात अर्थ नाही. तशी अनेक आहेत. एका खोलीत आठ खाटा, दुमजली. तैवानची दोन मुले, एक फ्रेंच, एक अर्जेंटिनाचा, बाकीचे बदलत राहत. भाडे आठवड्याचे, तेही आगाऊ. शिवाय अनामत. शेतावर नेणाऱ्या गाडीचे पैसे निराळे. काम वसतिगृहाचा व्यवस्थापकच मिळवून देई. वसतिगृह सोडले की काम सुटले. पहिले अकरा दिवस काम नव्हते. पाऊस होता, मग टोमॅटो पिकले नव्हते, मग यादीत आमच्या पुढे लोक होते. भाडे मात्र चालू होते. बाराव्या दिवशी पिवळा सदरा अंगात घालून पहाटे पाचला गाडीत बसलो तेव्हा आमच्या नावावर, अजून एक टोमॅटो न तोडता, देणे चढलेले होते.

त्या गाडीत आम्हांस एक शब्द आठवला. तो शब्द 'उचल'.

वाचकांपैकी जे पश्चिम महाराष्ट्रातले किंवा मराठवाड्यातले असतील त्यांना तो समजावून सांगायला नको. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीडकडून, आष्टी-पाटोद्याकडून माणसे आमच्या भागात ऊस तोडायला येतात. मुकादमाने हंगामाआधीच त्यांना पैसे दिलेले असतात, ती उचल. ती फिटेपर्यंत तोडायचे. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. आमच्या अडीच एकरांत लहानपणापासून आम्ही हे पाहिले. 'यंदा किती कोयते आलेत?' असे अण्णा विचारत आणि मुकादम 'आठ' म्हणे. आठ म्हणजे सोळा माणसे, हे गणित आम्ही शाळेत असतानाही कधी केले नाही. पाचटाच्या कोप्या ओढ्याच्या कडेला पडत, त्यांतून पहाटे धूर निघे, आणि आम्ही त्या धुराला हंगामाची शोभा समजत असू.

बंडाबर्गच्या शेतावर आमचा क्रमांक 41 होता. या लेखात आम्ही स्वतःस 'आम्ही' म्हणवून घेत आहोत, तो लेखणीने दिलेला मान. तिथे आम्ही एकेचाळीस होतो. बारीक टोमॅटो, बादलीवर मजुरी. पहिल्या दिवशी नऊ बादल्या भरल्या. शेजारच्या ओळीतली व्हानुआटूची एक बाई तेवढ्या वेळात पंचवीस भरून पाणी पीत बसली होती. टोमॅटोच्या झाडाचा चीक हाताला लागतो, त्याने बोटे हिरवट काळी होतात, साबणाने जात नाहीत. कच्चा टोमॅटो चिरडून चोळला की निघतात, हे तिनेच शिकवले. चौथ्या दिवशी कंबर वाकवली की सरळ होईना. रात्री डाळ-तांदूळ एकाच भांड्यात शिजवून, वर संध्याकाळी उशिरा निम्म्या दरात मिळणारा शिळा पाव खाऊन, त्याच भांड्यात उद्याचे पाणी भरून झोपायचे, असा क्रम बसला.

पण येथे खोटे साम्य उभे करण्याचा मोह आवरला पाहिजे. 28 एप्रिल 2022 पासून तिथल्या फळबागांत कायदा असा आहे की बादलीवर काम दिले तरी जितके तास काम केले तितक्या तासांची किमान मजुरी मजुराला मिळालीच पाहिजे. जुलै 2025 पासून तिथली राष्ट्रीय किमान मजुरी ताशी 24.95 डॉलर झाली आणि हंगामी मजुराला त्यावर 25 टक्के जादा. आमच्यासारख्यांच्या पहिल्या डॉलरपासून 15 टक्के कर कापला जाई, आणि निवृत्तिनिधी म्हणून साठणारी रक्कम देश सोडताना मागितली तर तिच्यातले 65 टक्के सरकार ठेवून घेते. तरीही जे हातात पडे ते आमच्याकडच्या कुठल्याही कोयत्याच्या स्वप्नातही येणार नाही. मुख्य म्हणजे आम्हांस परतीचे तिकीट होते. पदवी होती. कंबर फारच दुखली तर ही हौस होती असे म्हणण्याची सोय होती. कोप्यातल्या माणसाला ती सोय नसते.

एका रविवारी आम्ही चिल्डर्सला गेलो. बंडाबर्गपासून तासाभराच्या आत हे छोटे गाव लागते. 23 जून 2000 रोजी मध्यरात्रीनंतर तिथल्या एका वसतिगृहाला आग लावण्यात आली आणि शेतमजुरीसाठी आलेली, देशोदेशींची 15 तरुण मुले त्यात मेली. धोक्याची घंटा बंद होती. इमारत पुढे दुरुस्त झाली आणि तिथे आता स्मारक आहे; त्या पंधरा जणांचे एक मोठे चित्र आहे, शेतात विसावा घेत असल्यासारखे. प्रत्येकाचा चेहरा आहे, प्रत्येकाचे नाव आहे. आम्ही ती नावे वाचली आणि मग बराच वेळ एका गोष्टीपाशी अडकून राहिलो. आमच्या रानात वीस-बावीस वर्षे माणसे राबली, त्यांपैकी एकाचेही नाव आम्हांस ठाऊक नव्हते.

बंडाबर्गच्या किनाऱ्याजवळ मॉन रेपोस नावाचे ठिकाण आहे. लोक तिथे कासवे पाहायला जातात. तिथे काळ्या दगडांची, चुन्याशिवाय रचलेली एक बुटकी भिंत आहे. 1863 ते 1904 या काळात प्रशांत महासागरातल्या बेटांवरून सुमारे 62,000 माणसे क्वीन्सलंडच्या मळ्यांवर आणली गेली. काही करार करून, अनेक फसवून वा पळवून. त्यांनी रानातले दगड वेचून अशा भिंती रचल्या आणि ऊस तोडला. पुढे कायदा करून बहुतेकांना परत पाठवण्यात आले. 2021 साली बंडाबर्गच्या महापौरांनी त्यांच्या वंशजांची जाहीर माफी मागितली. आम्हांस बोटे स्वच्छ करायला शिकवणारी ती बाई व्हानुआटूची. आता ती परवाना घेऊन, विमानाने, त्याच मातीत येते. तिच्या आज्याचा चुलता इथे येऊन परत गेला नाही, असे तिने एकदा जेवणाच्या सुट्टीत सांगितले आणि डबा बंद केला.

ऊस मात्र तिथे आता कोणी हाताने तोडत नाही. 1970 चे दशक संपता संपता जवळजवळ सारी तोडणी यंत्राकडे गेली, आणि ती यंत्रे बंडाबर्गमध्येच घडली. तेच 'ऑस्टॉफ्ट' नाव आमच्याकडच्या यंत्रांवरही वाचायला मिळते. अण्णांना फोनवर हे सांगितले. ते म्हणाले, "अरं, मशिन आमच्या तुकड्यात वळतंय कुठं? आन् कोयत्यावाल्यांनी मग जायाचं कुठं?" पहिला प्रश्न शेतकऱ्याचा होता. दुसरा ते विचारतील असे आम्हांस वाटले नव्हते. त्यांच्याविषयीही आम्ही फारसे जाणत नव्हतो, असे दिसते.

अठ्ठ्याऐंशी दिवस ऑक्टोबरात भरले. वेतनचिठ्ठ्या जपून ठेवल्या. दुसरे वर्ष घ्यायचे की नाही, हे ठरवण्याआधी एकदा घरी जावे म्हणून जानेवारी 2026 मध्ये परतलो. आमच्या रानात तोड चालू होती. पाण्याची कळशी घेऊन बांधावर गेलो, एका जोडप्याशेजारी बसलो आणि नावे विचारली. दोघांनी आधी एकमेकांकडे पाहिले. नाव विचारणारा मालकाचा पोरगा म्हणजे काहीतरी तक्रार असणार. मग सांगितली. ती येथे लिहीत नाही, कारण लिहिण्याची परवानगी आम्ही मागितली नाही.

आम्ही कुठे होतो, काय करत होतो, हे त्यांनी विचारले. आम्ही सांगितले: खोली, खाटा, बादल्या, आगाऊ भाडे, काम नसलेले अकरा दिवस. बाई मोळी बांधता बांधता ऐकत होत्या. सगळे ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारले,

"मंग दादा, फिटली का उचल?"

पाटल्या सुटल्या होत्या. अण्णांचे निम्मे पैसे परत झाले होते. "फिटली," आम्ही म्हणालो.

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि मोळी डोक्यावर घेऊन गाडीकडे गेल्या. त्यांची फिटली का, हे विचारायला आम्ही उठलो, तोवर त्या सरीच्या पलीकडे पोचल्या होत्या.