वारा पडला तेव्हा

खारे वारे आणि मतलई वारे शाळेत भूगोलात पाठ केले होते. कळले मात्र गेल्या डिसेंबरात. दोनापावलाहून आम्ही चौघे मित्र शिडाच्या बोटीने ग्रँड आयलंडला निघालो. पहाटेच्या मतलई वाऱ्याने मुरगावचे टोक बघता बघता मागे पडले. अकराच्या सुमारास वारा थांबला. जमीन आणि समुद्र सारखेच तापले की असे होते, एवढे पुस्तकात होते. वारा नसला तरी लाटा थांबत नाहीत आणि बोट जागच्या जागी डोलत राहते, हे नव्हते.

बेट समोरच दिसत होते. एक मित्र मात्र ओकून ओकून पिवळा पडलेला. त्याला पोहता येत नाही. "काही होत नाही रे" म्हणत मीच ओढून आणला होता. बाकीचे म्हणाले, इंजिन लाव. मी हट्टाला पेटलो, जायचे तर शिडानेच! असा तास गेला. शेवटी तोच म्हणाला, "माझ्यासाठी परतू नका."

मान वर करवेना. इंजिन लावले, बोट किनाऱ्याकडे वळवली. वाटेत खारा वारा सुटला, पण शीड उघडायचे धाडस मला झाले नाही. तो म्हणाला, "आता तरी लाव की!"