सांवेर रोड आणि घरातील आगगाडी

इंदूर शहरातून उज्जयिनीकडे जो रस्ता निघतो, त्याला सांवेर रोड म्हणतात. बाणगंगेची वस्ती मागे पडली की दोहों बाजूंस कारखान्यांच्या पत्र्याच्या शेडी लागतात. कोठे औषधांच्या गोळ्या तयार होतात, कोठे प्लॅस्टिकच्या वस्तू, कोठे खाद्यपदार्थ. आणि मधूनमधून एकदोन लेथ मांडून बसलेली लहान वर्कशॉपे. धूळ मात्र सर्वांना सारखीच वाटलेली. हीच सडक पुढे धरमपुरीवरून सांवेरला पोहोचते. उलट्या मारुतीच्या मंदिरामुळे त्या गावाचे नाव दूरवर ठाऊक आहे. शहराचे पाणी पोटात घेतलेली कान्ह नदीदेखील याच मुलखातून क्षिप्रेच्या भेटीस जाते.

या सडकेजवळच लोखंडाचीही एक वाट आहे. लक्ष्मीबाई नगर स्टेशनापासून तिला दोन फाटे फुटतात. एक देवासकडे जातो, दुसरा फतेहाबाद चंद्रावतीगंजकडे. हा दुसरा फाटा सव्वाशे वर्षांहून अधिक काळ मीटर गेजचा, म्हणजे रुळांत एक मीटर अंतर असलेला होता. माळव्यात ही गाडी आली ती होळकरांच्या पैशाने. दुसरे तुकोजीराव यांनी खंडवा ते इंदूर या मार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये, साडेचार टक्के व्याजाने, 101 वर्षांच्या मुदतीवर कर्जाऊ दिले होते. आता सांवेरच्या बाजूचे ते अरुंद रूळ उखडले गेले असून त्यांच्या जागी रुंद रूळ आले आहेत. वाफेची इंजिने तर त्यापूर्वीच दिसेनाशी झाली. चित्तरंजनच्या कारखान्याने आपले शेवटचे वाफेचे इंजिन 1972 साली बांधले. तेही मीटर गेजचेच होते.

जे रुळांवरून गेले, ते काही घरांच्या मेजांवर मात्र अद्याप धावत आहे. ही हौस आपल्या लोकांना नवीन नाही. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात शिंद्यांच्या भोजनाच्या मेजावर चांदीची आगगाडी फिरत असे. पाहुण्याने तिच्यावरची सुरई उचलली की गाडी थांबे, आणि परत ठेवली की चालू लागे. पुण्यास कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय 1998 पासून लोकांसाठी खुले आहे. डोंगर, पूल, स्टेशने, सिग्नल यांसह एक सबंध नगरच तेथे मांडलेले असून, शाळेतील मुले व त्यांचे आजोबा ते सारख्याच उत्सुकतेने पाहतात.

परंतु राजवाडा व संग्रहालय वेगळे, आणि दोन खोल्यांचे बिऱ्हाड वेगळे. सांवेर रोडवरील एका कारखान्यातून निवृत्त झालेले एक मराठी गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. त्यांचे वडील महूच्या लोकोशेडमध्ये फिटर होते. नातवासाठी आणि थोडेसे वडिलांच्या आठवणीसाठी घरात आगगाडी मांडावी, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांना हवे होते ते वायपी जातीचे मोठे प्रवासी इंजिन: पुढे चार लहान चाके, मध्ये सहा थोर चाके, मागे आणखी दोन. किंमत ऐकून घरातील माणसे गप्प झाली. पेन्शनीच्या पैशातील मोठा हिस्सा त्यात जाणार होता. हा विषय माझ्यापर्यंत आला तेव्हा मी त्यांना एकच विनंती केली: किमतीचा विचार मागाहून करावा, अगोदर मेज मोजावे.

मेज मोजण्याचे कारण असे. घरगुती रुळांवरील सर्वांत प्रचलित माप म्हणजे मूळ वस्तूच्या 87 व्या हिश्शाएवढी प्रतिकृती. तिचे रूळ साडेसोळा मिलिमीटर अंतराचे असतात. लांब इंजिन सुखाने वळावयाचे, तर वळणाची त्रिज्या निदान 44 सेंटिमीटर हवी. म्हणजे पूर्ण वेढा 88 सेंटिमीटरांचा झाला. कडेला इंजिन रुळाबाहेर झुकते, त्यासाठी दोहों बाजूंस जागा धरली की मेज एक मीटरपेक्षा रुंद लागते. या गृहस्थांचे मेज 90 सेंटिमीटरांचे होते. तेवढ्यावर 36 सेंटिमीटरांचे वळण बसते, आणि त्यावरून लहान, सहा चाकांचे इंजिनच बिनतक्रार जाते. मोठे इंजिन तेथे रुळावरून उतरत राहिले असते, आणि महिन्याभरात कपाटात गेले असते.

आणि सहा चाकांचे इंजिन म्हणजे काही कमी प्रतीची वस्तू नव्हे. अजमेरच्या वर्कशॉपात 1895 साली एफ 734 हे इंजिन तयार झाले. संपूर्णपणे भारतात बांधलेले पहिले इंजिन म्हणून ते आज नवी दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभे आहे. त्याला सहाच चाके आहेत, आणि ते राजपुताना-माळवा रेल्वेचे, म्हणजे आपल्याच मुलखातील मार्गाचे आहे. नेमके तसेच रूप बाजारात मिळेल असे नाही. परंतु त्या घाटाची लहान इंजिने बहुतेक उत्पादक बनवतात, आणि ती मोठ्यांहून पुष्कळ स्वस्त असतात.

मापाविषयी आणखी एक गोष्ट ध्यानी धरावी. आपल्या रुंद मार्गाचे अंतर 1676 मिलिमीटर आहे. त्याचा 87 वा हिस्सा 19 मिलिमीटरांहून अधिक भरतो. म्हणून साडेसोळाच्या रुळावर उभे केलेले आपले इंजिन डोळस माणसाला पायांत आखडलेले दिसते. मीटर गेजचे तसे नाही. त्याच प्रमाणात त्याला बारा मिलिमीटरांचे रूळ जवळजवळ अचूक बसतात. ज्यांच्या घराला अंगण आहे, त्यांच्यासाठी साडेबावीस पट लहान असे मोठे माप निघते. त्याच्या 45 मिलिमीटरांच्या रुळावर मीटर गेज बरोबर उतरते. खऱ्या वाफेवर चालणारी इंजिनेही त्या रुळांवर मिळतात. पण ज्योत, उकळते पाणी व दाबाची वाफ यांचा तो खेळ मोठ्या माणसाने स्वतः हाताळावयाचा आहे, मुलांच्या हाती द्यावयाचा नव्हे.

निवडीनंतर खरे काम सुरू होते. नवे इंजिन घरी आले की त्याला लगेच डबे जोडू नयेत. अर्धा तास पुढे व अर्धा तास मागे, मध्यम गतीने, मोकळेच फिरवावे. दातेरी चाके एकमेकांना सरावतात. ही इंजिने रुळांतूनच सुमारे बारा व्होल्टची वीज घेतात. म्हणून रूळ व चाके स्वच्छ असणे हाच त्यांचा आहार. रूळ विकत घेताना लोखंडाऐवजी जर्मन सिल्व्हरचे घ्यावेत, म्हणजे पावसाळ्यात गंजत नाहीत. ते पुसावयास आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेले फडके पुरते. पॉलिश पेपर कधीही लावू नये. त्याने पडलेल्या बारीक ओरखड्यांत मळ अधिकच बसतो. चाके पुसण्याची युक्ती सोपी आहे. तसेच ओले फडके रुळावर आडवे ठेवावे, इंजिनाची निम्मी चाके त्यावर व निम्मी उघड्या रुळावर टेकवावीत, आणि हाताने धरून वीज सोडावी. चाके फिरता फिरता आपणच स्वच्छ होतात.

तेलाविषयी सांवेर रोडवरील एका वर्कशॉपात ऐकलेली गोष्ट सांगतो. उपरोक्त गृहस्थांचे इंजिन एके दिवशी अडखळू लागले. मोटार जळाली, असे घरात सर्वांना वाटले. ते इंजिन घेऊन आम्ही त्यांच्या ओळखीच्या एका टर्नरकडे गेलो. त्याने भिंग लावून खालची बाजू पाहिली, चिमट्याने आसाभोवती गुंडाळलेला सतरंजीचा धागा व केस ओढून काढला, आणि नव्या बुशाची काही गरज नाही, असे सांगून मजुरीही घेतली नाही. मग त्याने सुईच्या टोकावर तेलाचा एक थेंब घेऊन आसाला लावला. जोडदांड्याच्या प्रत्येक सांध्यालाही तसाच एकेक. “फादर, तेल आसासाठी असते, रुळासाठी नव्हे,” असे तो म्हणाला. अधिक तेल घातले की ते चाकांवर उतरते, चाके घसरतात, वीज तुटते, आणि सांवेर रोडची धूळ त्यात येऊन बसते. जेथे प्लॅस्टिकची दातेरी चाके असतील, तेथे प्लॅस्टिकला न बाधणारेच तेल वापरावे, हेही त्याने बजावले.

तेव्हापासून त्या घरात नियम झाला आहे. गाडी सतरंजीवर मांडावयाची नाही. खेळ संपला की मेजावर प्लॅस्टिकचे आवरण घालावयाचे, कापडाचे नव्हे, कारण कापडाचेही तंतू सुटतात. महिन्यातून एका रविवारी आजोबा व नातू चाके पुसतात. लोकोशेडमध्ये आपल्या वडिलांचे हात कसे काळे होत, हे त्या वेळी आजोबा सांगतात, आणि नातू सुई धरून बसतो. महागडे इंजिन कपाटात गेले असते, तर या गोष्टी सांगावयाचे निमित्तच उरले नसते.

वाचकांपैकी कोणाच्या मनात अशी हौस असेल, तर त्यांनी तिचा संकोच बाळगू नये. मेजाची रुंदी मोजावी, महिन्याचा एक तास राखून ठेवावा, आणि त्या दोहोंत सामावेल एवढेच इंजिन घरी आणावे. माळव्याच्या जुन्या गाडीची प्रत्यक्ष आठवण हवी असेल, तर डॉ. आंबेडकर नगर, म्हणजे पूर्वीचे महू, येथून पातालपाणीचा घाट दूर नाही. त्या घाटातून कालाकुंडपर्यंत मीटर गेजवर एक वारसा गाडी 25 डिसेंबर 2018 रोजी सुरू करण्यात आली होती. जाण्यापूर्वी गाडीची चौकशी करावी, आणि मुलांना बरोबर न्यावे.