मागच्या ब्रेकचा नट

मोटारसायकलच्या मागच्या ड्रम ब्रेकचे पेडल नट वर आणतो आणि झीजही नटच लपवतो. शूवरचा लायनर झिजला की पेडल खाली जाते. रॉडच्या टोकाचा नट दोन आटे आवळला की पेडल पुन्हा जागेवर येते, गिऱ्हाईक खूश होते. लायनर मात्र तेवढाच पातळ राहतो.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात हे जास्त जाचते. जव्हारहून विक्रमगडकडे, त्र्यंबकहून मोखाड्याकडे रस्ता उतरत येतो. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून, मागे माणूस आणि नागलीचे पोते घेऊन गाडी सोडणारे कमी नाहीत. इंजिनाची ओढ गेली की सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापतो, लायनरला चकाकी येते आणि जाडी शिल्लक असूनही ब्रेक धरत नाही. पावसाळ्यात चिखलपाणी आत जाऊन शू फाकवणारा कॅम गंजतो. तो मागे फिरला नाही तर शू ड्रमला घासतच राहतात. मग नट कितीही ढिला केला तरी उपयोग नसतो.

100 सीसीच्या गाड्यांत पेडलच्या टोकाला साधारण 20 ते 30 मिलिमीटर मोकळी चाल ठेवतात. नटाची खाच कॅम फिरवणाऱ्या आर्मच्या पिनवर नीट बसली पाहिजे. अर्धवट राहिली तर पहिल्या खड्ड्यात ती बसते आणि चाल वाढते. चेन ओढली की चाक मागे सरकते व ब्रेक आपोआप आवळला जातो, म्हणून आधी चेन, मग ब्रेक. चाक हाताने फिरवून बघण्याचा कंटाळा करणाऱ्याने हा धंदा करू नये.

खरी अडचण आर्मची आहे. आटे संपले की काही मेकॅनिक आर्म काढून कॅमवर एक दात मागे बसवतात. रॉडला नवे आटे मिळतात, शू तेच राहतात. झिजलेल्या शूंवर कॅम प्रमाणाबाहेर फिरला तर तो उलटून चाक जाम होऊ शकते. झीज दाखवणारा बाण आर्मवरच असेल तर दात सरकवल्यावर तो खोटे बोलतो. बाणाची पट्टी वेगळी असेल आणि कॅमच्या रुंद खाचेत बसत असेल तर ती खरी राहते. तरीही ब्रेक पूर्ण दाबून बाण खुणेला भिडला का, हे वाकून पाहणारे थोडे. पाय टेकताच झीज कळते, हा जुन्या हातांचा डौल. वय वाढले तरी तो उतरत नाही.

एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोडब्रेक किंवा एबीएस सक्तीचा झाला. जोडब्रेकमध्ये मागचे पेडल पुढचा ब्रेकही ओढते. त्यामुळे पायाला लागतो तो एकट्या मागच्या शूंचा जोर नव्हे, आणि डौलाचा आधारच गेला. चाक खोलणे आले.

खोलल्यावर कॉम्प्रेसरने ड्रम फुंकू नये. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती ओल्या फडक्याने पुसावी. लायनर 2 मिलिमीटरपर्यंत आला की दोन्ही शू एकदम बदलावेत. चकाकी पॉलिश पेपरने घालवता येते, तेलाने भिजलेला लायनर मात्र टाकूनच द्यावा. कॅमला ग्रीस अगदी थोडे लावावे. ड्रमच्या आतल्या व्यासाची कमाल मर्यादा बहुतेक वेळा त्याच्यावरच कोरलेली असते. त्यापलीकडे गेलेल्या ड्रमला नवे शू लावणे हा पैशांचा अपव्यय.