वरात पोचेपर्यंत

माझ्या मोबाईलमध्ये जॅझचे तीन अल्बम कायम डाउनलोड केलेले असतात. गोंदियाहून रेल्वेनं सालेकसाला येताना आमगाव सुटलं की माझ्या नेटवर्कचा भरवसा नसतो, म्हणून ही तजवीज.

पहिला माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू'. 1959 च्या मार्च-एप्रिलमध्ये न्यू यॉर्कच्या एका स्टुडिओत तो रेकॉर्ड झाला. वादकांसमोर सगळं लिहिलेलं संगीत नव्हतं. कुठले सूर घेऊन खेळायचं याचा कच्चा आराखडा तेवढा होता. बाकी ज्यानं त्यानं तिथल्या तिथं रचलं. आपल्याकडे गवई रागाची चौकट धरून बढत करतो, त्याच्या जवळ जाणारी ही रीत. डेव्हिस ट्रम्पेटवर थोडंसं वाजवतो आणि थांबतो. त्या थांबण्यासाठी मी तो ऐकतो.

दुसरा कीथ जॅरेटचा 'कोल्न कॉन्सर्ट'. 24 जानेवारी 1975, जर्मनीतल्या कोलोन शहराचं ऑपेरा हाउस, उशिराची रात्र. हवा होता तो पियानो मिळालाच नाही. जो मिळाला त्याचे वरचे सूर पातळ, पेडल नीट चालत नव्हतं. जॅरेट वाजवायलाच तयार नव्हता. शेवटी बसला तो मधल्या सप्तकांत जास्त रमला, डाव्या हातानं ठेका धरून ठेवला आणि आधी काही न ठरवता तासाभराहून जास्त वाजवत राहिला.

तिसरा आपल्या घरचाच. शंकर-जयकिशन यांचा 1968 चा 'रागा जॅझ स्टाइल'. तोडीपासून भैरवीपर्यंत 11 राग, रईस खान यांची सतार आणि मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन.

पण या सगळ्याची गोडी मला लागली ती मामांमुळे. मामा आमच्या भागातल्या एका बँड पार्टीत क्लॅरिनेट वाजवायचे. लग्नसराईत डोक्यावर बत्त्या घेतलेली माणसं, मध्ये नाचणारी पोरं आणि पुढे मामा. गाण्याचं कडवं संपायचं, तरी मामांचं वाजवणं संपायचं नाही. तीच चाल ते उलटी-सुलटी फिरवायचे, वर न्यायचे, ढोलवाल्याला डोळ्यानं खुणावून लय वाढवायचे. असं का करता, विचारलं तर म्हणाले, "गाणं सरलं, पण वरात मांडवात नाही पोचली. त मंग काय उभं राहाचं? वाजवा लागते."

जॅझमधल्या सोलोची याहून सोपी व्याख्या मला अजून मिळालेली नाही.

मामांची आवडती गाणी 'अलबेला'मधली. तो सिनेमा 1951 चा, भगवानदादांचा, संगीत सी. रामचंद्र यांचं. त्यांचे सहायक होते गोव्याच्या हळदोण्याचे ट्रम्पेटवादक आंतोनियो शावियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजवणारा हा माणूस 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणून ओळखला जायचा. 'अलबेला'त तो आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतो. म्हणजे अमेरिकेतून ताजमध्ये, ताजमधून सिनेमात आणि सिनेमातून आमच्या वरातीत, असा हा प्रवास. मामांना जॅझ हा शब्द ठाऊक नव्हता, पण त्यांच्या बोटांत तो पोचला होता.

पुढे नोकरीनिमित्त मुंबईत असताना नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत जॅझ ऐकायला गेलो. सॅक्सोफोनवाल्याचा सोलो संपला आणि रचना चालू असतानाच लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारचे गृहस्थ मला रीत समजावून सांगू लागले. मला ती माहीत होती. आमच्याकडे टाळ्यांऐवजी दहाची नोट ओवाळून वादकाच्या खिशात खोचतात, एवढाच फरक.

आता वरातीत डीजे असतो. मामांना दम लागतो, फुंक पुरत नाही. क्लॅरिनेट पेटीत आहे. मागच्या दिवाळीत मी त्यांच्या कानाला इअरफोन लावून 'काइंड ऑफ ब्लू' ऐकवलं. डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, "याले काही घाई नाही."

त्यांचं वाजवणं कुठे जपून ठेवलंय का, हे मी शोधलं. नातेवाइकांकडे लग्नाच्या चार सीडी सापडल्या. चारही सीडींत मामा दिसतात. गाल फुगलेले, बोटं पळताहेत. ऐकू मात्र सिनेमाचं गाणं येतं, कारण शूटिंगवाल्यानं मूळ आवाज काढून त्या जागी ते टाकलंय. न्यू यॉर्कच्या त्या स्टुडिओतला साठेक वर्षांपूर्वीचा श्वास मला रेल्वेत ऐकू येतो. माझ्या मामांचा येत नाही.

येत्या लग्नसराईत तुमच्या गावात बँड पार्टी आली, तर मोबाईल नवरदेवावरून थोडा वेळ क्लॅरिनेटवाल्याकडे वळवा. गाणं संपल्यावर लगेच रेकॉर्डिंग बंद करू नका, आणि स्टेटसला टाकताना वर दुसरं गाणं लावू नका.